मुख्यालय आडरानात, कारभार कुणाच्या हातात?

शहरापासून दूर, जंगलात किंवा आडगावी ठाण मांडलेल्या सेवाभावी संस्थांच्या नेतृत्वावर आणि देखरेखीवर त्या अंतराचा परिणाम होतो का? जबलपूरच्या परिसरातले आणि विदर्भातले काही अनुभव या प्रश्नावर बराच प्रकाश टाकतात.

सणासुदीचे दिवस आले की घरोघरी सेवाभावी संस्थांची आवाहने येऊन पडतात. पूर्वी ती टपालाने येत, आता मोबाइलवर येतात. मजकुरात मात्र फारसा फरक नसतो. मुलांचे किंवा रुग्णांचे छायाचित्र, केलेल्या कामाची यादी, मदतीची विनंती आणि खाली पत्ता. तो पत्ता बहुतेक वेळा आपण कधी न पाहिलेल्या, नकाशावरही चटकन न सापडणाऱ्या गावाचा असतो. घरातले कोणी पैसे पाठवून मोकळे होते, तर दुसरे कोणी विचारते, ‘‘इतक्या लांब काय चालते, हे बघायला जाते कोण?’’

प्रश्न खोचक वाटला तरी रास्त आहे. प्रश्न केवळ पैशांचा नाही. अशा संस्थेत कुणाचा मुलगा डॉक्टर म्हणून जातो, कुणाची मुलगी शिक्षिका म्हणून राहते, कुणाचे आजारी माणूस उपचार घेत असते. तिथला कारभार कसा चालतो, हे जाणून घेण्याचा या सगळ्यांना अधिकार आहे.

याबाबत दोन मते ऐकू येतात. काही जण म्हणतात, ज्यांच्यासाठी काम करायचे त्यांच्यातच संस्थेचे बिऱ्हाड हवे. शहरातल्या कचेरीत बसून आदिवासींचे दुःख कळत नाही. याउलट इतरांचे म्हणणे असते की, आडरानात चांगली माणसे टिकत नाहीत, विश्वस्त फिरकत नाहीत, हिशेब वेळेवर होत नाहीत आणि एकाच माणसाचे राज्य सुरू होते. दोन्ही मतांत तथ्य आहे. मग अंतर नेमके कुठे नडते आणि कुठे नडत नाही?

जबलपूरला काय मिळाले?

मुख्यालय म्हणजे काय, याचा अनुभव जबलपूरइतका फार थोड्या शहरांनी घेतला असेल. राज्य पुनर्रचना आयोगाने नव्या मध्य प्रदेशची राजधानी म्हणून जबलपूरची शिफारस केली होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य झाले, तेव्हा राजधानीचा मान भोपाळला मिळाला. जबलपूरच्या वाट्याला उच्च न्यायालय आले. वीज मंडळाचे मुख्यालयही तिथेच राहिले आणि २००३ मध्ये पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालयही या शहराला मिळाले.

मंत्रालय एकीकडे आणि न्यायालय तीनशेहून अधिक किलोमीटरवर दुसरीकडे, अशी ही व्यवस्था. तिच्यामुळे न्यायालयाचे काम अडले नाही. पण माळवा आणि ग्वाल्हेरकडच्या पक्षकारांना जबलपूर फार लांब पडे, म्हणून इंदूर व ग्वाल्हेर येथे खंडपीठे ठेवावी लागली. म्हणजे मुख्यालय दूर असले तरी चालते, मात्र त्या अंतराची भरपाई करावी लागते. सरकारला ती करता येते, कारण त्याच्या हाती कायदा आणि खजिना असतो.

सेवाभावी संस्थेकडे यातले काहीच नसते. तिचे खरे भांडवल म्हणजे चार माणसांची निष्ठा. म्हणूनच ती चार माणसे कुठे राहतात, एकमेकांना किती वेळा भेटतात आणि एकमेकांना काय विचारू शकतात, यावर संस्थेचे भवितव्य ठरते.

मैकलच्या पायथ्याचा प्रयोग

याचे एक जुने उदाहरण जबलपूरच्या पूर्वेला, नर्मदेच्या उगमाकडे सापडते. ऑक्सफर्डमध्ये शिकलेले व्हेरियर एल्विन १९२७ साली पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आले आणि गांधीजींच्या सहवासाने भारावून गेले. याच संघात त्यांची शामराव हिवाळे या मराठी तरुणाशी मैत्री जुळली. गोंड आदिवासींमध्ये काम करावे, ही कल्पना त्यांना जमनालाल बजाज यांनी सुचवली. १९३२ साली दोघे मित्र त्या वेळच्या मंडला जिल्ह्यातील करंजिया या गावी येऊन राहिले. अमरकंटकच्या डोंगराखालचे हे गाव आज दिंडोरी जिल्ह्यात आहे. तिथे त्यांनी गोंड सेवा मंडळ उभे केले. शाळा, दवाखाना, कुष्ठरुग्णांसाठी आश्रयस्थान अशी कामे हळूहळू सुरू झाली. पुढे मंडळाचे ठिकाण बदलत गेले आणि पाटनगढ हे गाव त्यांचे घर बनले.

इतक्या आत संस्था चालवायची म्हणजे पैसा बाहेरूनच आणायला हवा. तो मुख्यतः मुंबईच्या स्नेह्यांकडून व दानशूर मंडळींकडून येई. त्यासाठी एल्विन यांना मुंबईच्या वाऱ्या कराव्या लागत. शिवाय त्यांचे संशोधन आणि लेखनही चालू होते. बैगा, अगरिया, मुरिया अशा जमातींवरच्या त्यांच्या ग्रंथांनी त्यांना जगभर नाव मिळवून दिले. पण शाळेला मास्तर मिळाला का, दवाखान्यात औषध आहे का, कोणाचे भांडण मिटवायचे आहे, हे सगळे रोजच्या रोज बघायला हिवाळे होते. एक बाहेरचे तोंड आणि दुसरा घरचा कर्ता, अशी ही वाटणी होती.

ही वाटणी जोवर दोन मित्रांच्या विश्वासावर उभी होती, तोवर चांगली चालली. मात्र एल्विन कधी बस्तरमध्ये, कधी ओरिसात, नंतर सरकारच्या मानववंशशास्त्र विभागात आणि १९५४ पासून ईशान्य सीमेवर गेले. हिवाळे मंडला भागातच राहिले. संस्थेकडे जगाचे लक्ष होते ते एल्विन यांच्यामुळे. ते लक्ष त्यांच्याबरोबरच निघून गेले. हिवाळे यांनी परधान जमातीवर १९४६ साली स्वतंत्र ग्रंथ लिहिला, पण त्यांचे नाव आज मराठी वाचकालाही फारसे ठाऊक नसते. पाटनगढचे नाव मात्र पुढे गाजले, ते जनगढसिंह श्याम आणि त्यांच्यामागून आलेल्या गोंड चित्रकारांमुळे.

इथे अंतराने काम बिघडवले असे म्हणता येणार नाही. उलट त्या गावात राहिल्यामुळेच ते काम झाले. अंतर नडले ते दुसऱ्या ठिकाणी. संस्थेची बाहेरची ओळख एकाच माणसाच्या नावावर होती. तो दूर गेल्यावर आत राबणाऱ्या माणसाच्या पाठीशी उभे राहणारे, त्याची विचारपूस करणारे दुसरे कोणी तयार झाले नव्हते.

त्रिपुरीत न आलेला नेता

नेते एका ठिकाणी, कचेरी दुसऱ्या ठिकाणी आणि सभा तिसऱ्या ठिकाणी असल्यावर काय होते, हे जबलपूरनेच १९३९ मध्ये पाहिले. त्या वेळची काँग्रेस ही राजकीय चळवळ होती, पण तिचा सारा गाडा लोकवर्गणीवर आणि बिनपगारी कार्यकर्त्यांवर चालत होता. त्यामुळे संघटनेच्या कारभाराचा धडा म्हणून त्या अधिवेशनाकडे पाहता येते.

त्या वर्षी जानेवारीत सुभाषचंद्र बोस सुमारे दोनशे मतांनी पट्टाभी सीतारामय्या यांचा पराभव करून पुन्हा अध्यक्ष झाले. २२ फेब्रुवारीला कार्यकारिणीची बैठक वर्ध्याला ठरली होती. सुभाषबाबू कलकत्त्यात आजारी पडले आणि त्यांनी तारेने बैठक पुढे ढकलण्याची विनंती केली. आपल्या गैरहजेरीत नेहमीचे कामही होऊ नये असे अध्यक्षांना वाटते, म्हणजे त्यांचा आपल्यावर विश्वास नाही, असा अर्थ इतर सभासदांनी काढला. पंधरा जणांच्या कार्यकारिणीतील बहुतेकांनी राजीनामे दिले.

मार्च महिन्यात जबलपूरजवळ त्रिपुरी येथे अधिवेशन भरले. बावन्नावे अधिवेशन म्हणून बावन्न हत्तींची मिरवणूक निघाली. पण अध्यक्ष तापाने फणफणलेले, त्यांना अंथरुणावरूनच मंडपात आणावे लागले. ज्यांच्या शब्दाने संघटना चाले, ते गांधीजी राजकोटच्या उपोषणामुळे तिकडेच होते. आणि संघटनेची कचेरी अलाहाबादला. अध्यक्षांनी आपली कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेनुसार नेमावी, असा ठराव त्रिपुरीत झाला. म्हणजे खुर्ची एकाकडे आणि निर्णय दुसऱ्याकडे. त्यानंतरचे काही आठवडे दोघांमध्ये पत्रे आणि तारा यांची ये-जा चालू राहिली. तोडगा निघाला नाही आणि एप्रिलअखेर सुभाषबाबूंनी राजीनामा दिला. जबलपूरमधले कमानिया गेट त्या अधिवेशनाची आठवण म्हणून आजही उभे आहे.

मतभेद खरे होते, ते काही अंतरामुळे जन्मले नव्हते. तरी एका तारेचा जो अर्थ वर्ध्यात घेतला गेला, तो समोरासमोर बसले असते तर घेतला गेला असता का? दूर असलेल्या माणसाच्या मौनाचा अर्थ लावला जातो, आणि तो बहुधा वाईटच लावला जातो. आपल्याकडे म्हणतात ते खरेच आहे, हाजीर तो वजीर!

सेवाग्रामचे कोडे

याच काळात वर्ध्याने मात्र उलटा अनुभव दिला. गांधीजी १९३६ साली वर्ध्यापासून काही मैलांवरच्या सेगाव या खेड्यात राहायला गेले. धड रस्ता नसलेले ते खेडे पाहता पाहता देशाचे केंद्र बनले. गावाच्या नावात आणि शेगावच्या नावात घोटाळा होऊन टपाल भलतीकडे जाऊ लागले, म्हणून १९४० मध्ये सेगावचे नाव सेवाग्राम झाले. व्हाइसरॉयांशी संपर्क राहावा म्हणून तिथे बसवलेला दूरध्वनी आजही पाहणाऱ्यांना दाखवला जातो.

मग सेवाग्राम दूर होते का? होते आणि नव्हतेही. झोपडी खेड्यात होती, पण वर्धा स्टेशन मुंबई-कलकत्ता आणि दिल्ली-मद्रास अशा दोन्ही रेल्वेमार्गांच्या सांध्यावर होते. देशाच्या कुठल्याही टोकाहून माणूस गाडी न बदलता किंवा एकदाच बदलून तिथे पोहोचू शकत होता. खेड्यात राहायचे पण दार बंद करायचे नाही, हे सेवाग्रामचे वैशिष्ट्य होते. तिथे येणारे सगळेच हांजी हांजी करणारे नव्हते. वाद घालायला येणारेही पुष्कळ होते.

दुसरी गोष्ट हिशेबाची. १९३४ च्या डिसेंबरात स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे मुख्यालय वर्ध्याच्या मगनवाडीत होते आणि त्याचे सूत्रधार होते जे. सी. कुमारप्पा. ते लंडनमध्ये शिकलेले हिशेबनीस. त्याआधी बिहारच्या भूकंपात मदतकार्याचा जमाखर्च त्यांच्याकडे होता. गांधीजींच्या सोबतच्या मंडळींचा खर्च मदतनिधीतून होणार नाही, असे त्यांनी बजावल्याची हकिकत त्यांच्या चरित्रांत सांगितली जाते. संस्थेत असा एक जरी माणूस असला, की जो सर्वोच्च नेत्यालाही ‘हा खर्च बसत नाही’ असे सांगू शकतो, तर ती संस्था दिल्लीत असो की खेड्यात, फारसे बिघडत नाही.

विदर्भातल्या वाटा

स्वातंत्र्यानंतर मराठी माणसांनी आडभागात ज्या संस्था उभ्या केल्या, त्यांनी या प्रश्नाला आपापली उत्तरे शोधली.

बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि १९५१ मध्ये वरोऱ्याजवळ आनंदवन सुरू झाले. सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये ही सुरुवातीची पुंजी सर्वांना ठाऊक आहे. २३ डिसेंबर १९७३ रोजी याच समितीचा लोकबिरादरी प्रकल्प भामरागडजवळ हेमलकसा येथे सुरू झाला. वरोऱ्याहूनही तो भाग कितीतरी आत. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की बाहेरचा संपर्क तुटे. अशा ठिकाणचे निर्णय वरोऱ्यात बसून घेता येणे शक्यच नव्हते. डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनाच ते तिथल्या तिथे घ्यावे लागले. दूरच्या शाखेवर विश्वास टाकावाच लागतो, हा त्यातला धडा.

पण बाबांनी दारही उघडे ठेवले होते. सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीत दर उन्हाळ्यात शेकडो तरुण येऊन राहत. आनंदवनाच्या मित्रमेळाव्याला पु. ल. देशपांडे यांच्यासारखी माणसे हजेरी लावत. असे येणारे लोक लेखापरीक्षक नसतात. तरी बाहेरचे हजारो डोळे दरवर्षी संस्था पाहून जातात, तेव्हा झाकून ठेवण्यासारखे फारसे उरत नाही.

संस्थापक गेल्यानंतर मात्र खरी कसोटी लागते. २०२० साली आनंदवनाच्या अंतर्गत कारभाराविषयी उलटसुलट मजकूर वृत्तपत्रांत आला. त्या वादात कोण बरोबर, कोण चूक, हे ठरवण्याची ही जागा नव्हे. पण एवढ्या मोठ्या पुण्याईच्या संस्थेतही पुढच्या पिढीकडे कारभार जाताना ताण येतो, आणि तो आत मिटला नाही की बाहेर फुटतो, हे सर्वच संस्थांनी ध्यानात घ्यायला हवे.

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने वेगळी वाट धरली. १९८० च्या दशकाच्या मध्याला सुरू झालेल्या या संस्थेचे शोधग्राम जंगलाच्या कडेला आहे. नवजात बाळांची घरीच काळजी घ्यायला गावच्या बायकांना शिकवायचे, हा त्यांचा प्रयोग. ३९ गावांत तो करून बघितला आणि शेजारच्या ४७ गावांशी ताडून पाहिला. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेने ६२ टक्क्यांनी घटले. हे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे २०११ मध्ये केंद्र सरकारने हीच पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर नेली. जंगलात राहून केलेल्या कामाचे आकडे जगातल्या तज्ज्ञांपुढे तपासायला ठेवणे, हीसुद्धा एक देखरेखच होय. तिला अंतर आड येत नाही.

जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. तिथे गावोगावच्या आरोग्य कार्यकर्त्या दर आठवड्याला केंद्रावर जमत, शिकत आणि आपापल्या गावची खबर देत. मुख्यालयाने गावावर लक्ष ठेवायचे ते ठेवलेच, पण गावानेही मुख्यालयाला दर आठवड्याला जाब विचारावा, अशी ही सोय होती.

चांपा या गावाचे उदाहरणही लक्षात ठेवण्याजोगे आहे. २००० सालापर्यंत हे गाव मध्य प्रदेशातच होते, आता छत्तीसगडमध्ये आहे. सदाशिवराव कात्रे यांना स्वतःला कुष्ठरोग झाला होता. १९६२ मध्ये त्यांनी तिथे भारतीय कुष्ठ निवारक संघ स्थापन केला. १९७७ मध्ये ते गेले. पण त्याआधीच अमरावती जिल्ह्यातून आलेले दामोदर गणेश बापट त्यांच्या हाताखाली तयार झाले होते. बापट यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली आणि २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले. एका माणसाची संस्था दुसऱ्याच्या हाती गेली ती रक्ताच्या नात्याने नव्हे, वर्षानुवर्षे बरोबर काम करून. आडगावी असूनही हे घडू शकले, कारण पहिल्याने दुसऱ्याला हयातीतच उभे केले.

अंतर कुठे नडते?

या सगळ्या अनुभवांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. दूरचे मुख्यालय नेतृत्व खुंटवत नाही. उलट संकटे झेलणारे, खंबीर नेतृत्व अशाच ठिकाणी घडते. अंतर नडते ते देखरेखीला, आणि तेही एका खास रीतीने.

शहरातल्या संस्थेत काम करणारा माणूस संध्याकाळी आपल्या घरी जातो. नाही पटले तर दुसरीकडे नोकरी शोधतो. जंगलातल्या संस्थेत तसे नसते. तिथे राहायची खोली संस्थेची, जेवण संस्थेच्या भोजनगृहात, मुलांची शाळा संस्थेची, आजारी पडले तर दवाखानाही संस्थेचाच. संस्थेच्या प्रमुखाशी बिनसले तर एकाच दिवशी नोकरी, घर, शाळा आणि शेजार सगळेच जाण्याची भीती. पाण्यात राहून माशाशी वैर कोण करणार? म्हणून तिथे गैर घडले तरी आवाज उठत नाही. प्रमुख वाईटच असतो असे नाही. चांगल्या प्रमुखालाही आपल्या चुका कोणी सांगत नाही, हेच त्याचे दुर्दैव.

विश्वस्तांची गोष्टही तशीच. ते बहुधा मोठ्या शहरांतले नामवंत असतात. वर्षातून एकदा बैठकीला येतात. त्यांच्यासाठी चांगले जेवण, मुलांची गाणी, नव्या इमारतीचे उद्घाटन असा कार्यक्रम असतो. मग कागदांवर सह्या होतात आणि परतीची गाडी गाठली जाते. दुरून डोंगर साजरे! लेखापरीक्षकही संस्थेचाच पाहुणा म्हणून उतरतो. अशा वेळी आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, असे व्हायला वेळ लागत नाही.

कायदा काय म्हणतो?

कायद्याने काही आधार दिला आहे. महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली न्यासांचे हिशेब तपासून धर्मादाय कार्यालयात द्यावे लागतात आणि विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत तसे कळवावे लागते. मध्य प्रदेशात सोसायट्यांसाठी १९७३ चा स्वतंत्र कायदा आहे. दहा किंवा अधिक माणसे काम करीत असतील तिथे, २०१३ च्या कायद्यानुसार स्त्रियांच्या छळाच्या तक्रारींसाठी समिती लागते आणि तिच्यात एक सदस्य बाहेरचा असावाच लागतो. ही ‘बाहेरचा एक’ अट आडगावच्या संस्थेला सर्वांत जास्त उपयोगी आहे.

काही नियमांनी मात्र दूरच्यांची दमछाक होते. २०२० मध्ये परदेशी देणग्यांचा कायदा बदलला. आता अशी देणगी प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतल्या खात्यातच जमा व्हावी लागते, मग संस्था दिंडोरीची असो की गडचिरोलीची. शिवाय कार्यालयीन खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. हिशेबनीसाचा पगार, विश्वस्तांच्या प्रवासाचा खर्च हे सगळे यातूनच भागवायचे. देखरेख हवी असेल तर तिलाही खर्च येतो, हे विसरून चालणार नाही.

दुसरीकडे, आता मोबाइलवर समोरासमोर दिसत बैठका घेता येतात. कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या ना-नफा संस्थांना तशी मुभाही आहे. सोय चांगली आहे, पण पडद्यावर तेवढेच दिसते जेवढे समोरचा दाखवतो. भोजनगृहातली आमटी पातळ झाली आहे का, मुली वसतिगृहात निर्धास्त आहेत का, हे पडद्यावर कळत नाही. त्यासाठी तिथे जाऊन दोन दिवस राहावेच लागते.

देणाऱ्यांनी काय विचारावे?

मग साध्या कुटुंबाने काय करावे? आडगावच्या संस्थेला देणगी देणे बंद करावे का? मुळीच नाही. जिथे सरकारही उशिरा पोहोचते, तिथे याच संस्था पहिल्यांदा पोहोचल्या. मात्र देताना चार गोष्टी विचारायला संकोच करू नये.

विश्वस्त मंडळात एकाच कुटुंबाचे किती जण आहेत? गेल्या वर्षी विश्वस्त किती वेळा भेटले आणि त्यांतले कितीजण संस्थेत मुक्कामाला राहिले? तपासलेला जमाखर्च मागितला तर मिळतो का? कामगाराला, रुग्णाला किंवा विद्यार्थ्याला तक्रार करायची असेल, तर प्रमुखाला वगळून ती कोणाकडे नेता येते? आणि उद्या प्रमुखांना काही झाले तर कारभार कोण सांभाळणार, हे ठरले आहे का?

ज्या संस्थेला या प्रश्नांचा राग येत नाही, ती कितीही दूर असली तरी जवळचीच समजावी. आणि ज्यांच्या घरातले कोणी अशा ठिकाणी काम करते आहे, त्यांनी केवळ फोनवर खुशाली विचारून थांबू नये. वर्षातून एकदा तरी तिकडे जाऊन यावे, स्वयंपाकघरात बसून चार माणसांशी बोलावे, जेवून यावे.

संस्थाचालकांनीही असे पाहुणे म्हणजे कटकट मानू नये. बाहेरच्या माणसाने येऊन विचारलेला प्रश्न कधी कधी बोचतो, पण तोच संस्थेला एकाकी पडू देत नाही. नर्मदेच्या उगमाकडे हिवाळे यांना जे लाभले नाही, ते आजच्या कार्यकर्त्यांना लाभले पाहिजे. त्यांच्या कामाचे कौतुक करणारे तर पाहिजेतच, पण त्याहून जास्त पाहिजेत ते वेळोवेळी येऊन पाहणारे.